समुद्रपुष्पाची ओळख आणि प्रकाशयोजना

घरगुती खाऱ्या पाण्याच्या टाकीत समुद्रपुष्प, म्हणजेच सी अ‍ॅनिमोन, ठेवण्याआधी त्याची जात ओळखावी. जागा आणि प्रकाश जातीनुसार ठरतात. ओळखताना शुंडके, खोड आणि तळपाय पाहावेत. रंग फसवा असतो.

एन्टॅकमिया क्वाड्रिकलर या जातीच्या शुंडकांची टोके बहुधा फुग्यासारखी फुगतात, पण प्रकाश व परिस्थितीनुसार ती लांब आणि सरळही होतात. त्यामुळे खोड तपासणे महत्त्वाचे. या जातीचे खोड गुळगुळीत असते व तळपाय खडकाच्या फटीत रुतलेला असतो. हेटेरॅक्टिस क्रिस्पाच्या खोडावर चिकट पुटकुळ्या असतात. शुंडके लांब व निमुळती असतात आणि तळपाय वाळूत गाडलेला असतो.

शुंडकांच्या पेशींत झुझॅन्थेली हे सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषणातून अन्न पुरवते, म्हणून तीव्र प्रकाश अनिवार्य ठरतो. शैवाल गमावलेले समुद्रपुष्प पांढरे पडते. तसे विकत घेऊ नये. भडक पिवळा रंगही अनेकदा कृत्रिम असतो.

रीफ टाकीसाठीचा एलईडी दिवा रोज 8 ते 10 तास पुरतो. नव्या प्राण्यासाठी तीव्रता कमी ठेवून काही आठवड्यांत वाढवावी. समुद्रपुष्प स्वतः जागा बदलते. ते ताणून वर सरकत असेल तर प्रकाश अपुरा, आणि सावलीत आक्रसत असेल तर तो जास्त असण्याची शक्यता असते. मात्र पाण्याची क्षारता आणि प्रवाहही तपासावा.