भांग कुठल्या बाजूला?

"दादा, भांग कुठल्या बाजूला पाडायचे?"

घाटीच्या शवविच्छेदनगृहाच्या दारात एका पन्नाशीच्या माणसाने मला हे विचारलं, तेव्हा त्याच्या हातात साधा काळा कंगवा होता. आत माझा मावसभाऊ होता. सकाळी सिल्लोडकडे जाताना मोटारसायकलचा अपघात झाला आणि दुपारी पीएम झालं. आमच्यातल्या कुणालाच पटकन उत्तर देता येईना. लहानपणापासून ज्याच्याबरोबर वाढलो, त्याचा भांग आठवेना. शेवटी त्याची दहावीतली मुलगी म्हणाली, "डावीकडे. पप्पा पाणी लावून बसवायचे." तो माणूस मान हलवून आत गेला. थोड्या वेळाने चेहरा दाखवला तेव्हा केस ओले होते आणि भांग डावीकडे होता. "झोपल्यासारखा दिसतोय," मावशी एवढंच बोलली.

त्या कंगव्यासाठी वर्षभराने मी पुन्हा घाटीत गेलो.

छत्रपती संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय असं लांबलचक नाव घेतलं तर मराठवाड्यातला माणूस क्षणभर थांबतो. घाटी म्हटलं की त्याला लगेच कळतं. महाविद्यालय 1956 सालचं. जालना, बीड, परभणी, शेजारचं बुलढाणा, सगळीकडून रुग्ण इथे येतात. अपघात, जळीत, सर्पदंश, विषप्राशन. त्यातले जे वाचत नाहीत त्यांचा रस्ता या इमारतीतून जातो. चौकीत नोंद, पंचनामा, डॉक्टरांकडे कागद, शवविच्छेदन, देह ताब्यात मिळाल्याची सही: क्रम ठरलेला आहे. 1 जुलै 2024 पासून पंचनाम्याच्या कागदावर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 ऐवजी नव्या संहितेचं कलम 194 आलं. बाकडी आणि बाकड्यावरची माणसं तशीच आहेत.

सरकारी दवाखान्यात पुरुष कर्मचारी मामा आणि बाई मावशी. कंगवेवाल्यांनाही सगळे मामाच म्हणतात. मीही तेच म्हणतो, कारण त्यांनी नाव छापू नका असं सांगितलंय. "सोयरिकीच्या वेळी दवाखान्यात कामाला आहे एवढंच सांगतो आम्ही," ते म्हणाले.

चालू शवविच्छेदन बघायची परवानगी नव्हती, आणि दुसऱ्याच्या दुःखात तशी मागणी करणं मला बरंही वाटलं नाही. मी बाहेर बसलो. काम नसेल तेव्हा मामा येऊन बसत, आणि कंगव्याचं कोडं त्यांनीच उलगडलं. डोकं तपासायचं असेल तर टाळूवरचा छेद एका कानामागून दुसऱ्या कानामागे घेतात, म्हणजे कपाळ आणि चेहरा मोकळा राहतो. काम झालं की दाभणासारख्या वाकड्या सुईने, जाड दोऱ्याने टाके घालायचे. मग केस त्यावरून फिरवायचे. "टाका केसात गेला पाहिजे. घरचा माणूस आधी तोंड बघतो, मग डोक्यावरून हात फिरवतो. त्याच्या बोटाला टाका लागू नये."

कंगवा त्यांचा स्वतःच्या पैशांचा. भांडारातून हातमोजे मिळतात, कंगवा कुणाच्याच यादीत नसतो.

आतल्या गोष्टी त्यांनी बोटांनी हवेत दाखवत सांगितल्या. विषबाधेचा संशय असेल तर जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड असे अवयव बरण्यांत भरून प्रयोगशाळेकडे पाठवतात. त्याला व्हिसेरा राखून ठेवणं म्हणतात. अवयव टिकवायला बहुतेक वेळा घरात असतं तेच मीठ वापरतात. पाण्यात मीठ टाकत राहायचं. विरघळायचं थांबलं, तळाशी पांढरा थर बसला, की द्रावण तयार झालं. मग झाकण, चिठ्ठी, दोरा, वर लाखेची मोहर. बरणी कोर्टात पुरावा असते. मोहर फुटली किंवा चिठ्ठी बदलली तर प्रकरणच उलटू शकतं. सही डॉक्टरांची असते, पण बरणी हाताळणारे हात बहुधा मामांचे.

एका दुपारी दार उघडलं आणि एक वास बाहेर आला. लसणासारखा, खाली तेलकट, उग्र. मी शेतकऱ्याच्या घरातला. श्रावणात कपाशीवर फवारणी करून वडील घरी यायचे, तेव्हा त्यांच्या सदऱ्याला हाच वास असायचा आणि आई तो सदरा वेगळा धुवायची. फवाऱ्याचं औषध. आमच्याकडे विषालाही औषधच म्हणतात. मामांनी माझ्याकडे पाहिलं. "वळखलं ना? डॉक्टरांच्या आधी आम्हाला कळतं." शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या मी वर्षानुवर्षं वाचत आलो. त्यांचा वास मात्र पहिल्यांदा घेतला. मामा तो कित्येक वर्षं घेत आहेत. त्या रात्री जेवताना आमटीच्या फोडणीतला लसूण मला सहन झाला नाही.

सगळ्यात जड दिवस कोणता, असं मी विचारलं. त्यांनी विचार केला नाही. "सोळा," ते म्हणाले.

8 मे 2020. टाळेबंदी होती. जालन्यातल्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर रुळांवरून चालत गावाकडे निघाले होते. करमाडजवळ दमून रुळांवरच झोपले आणि पहाटे मालगाडी आली. रुळांवर विखुरलेल्या भाकरी-पोळ्यांचं छायाचित्र देशाने पाहिलं. पुढे सोळा देह विशेष रेल्वेने मध्य प्रदेशाकडे गेले. त्या दोन टोकांच्या मध्ये जे झालं, ते मामांसारख्या लोकांनी केलं. "सोळा," मामा पुन्हा म्हणाले. "घरचं कुणी दारात नव्हतं. भांग विचारायचा कुणाला?"

मी वही मिटली.

तेवढ्यात बाकड्यावरचा एक पोरगा जवळ आला. कन्नड तालुक्यातला, वीस-एकवीस वर्षांचा, चुलत्याचा देह न्यायला आलेला. "मामा, ही नोकरी कशी लागते? शिक्षण काय लागतं?" मला ते ऐकून धक्का बसला. मग वाटलं, बेकार पोराने भरतीची चौकशी कुठेही करावी. मामांनी नीट उत्तर दिलं. कागदावरची अट साधी आहे. हे चतुर्थ श्रेणीचं, म्हणजे गट-ड चं पद, त्याला दहावी पास चालतो. कायम नोकरी असेल तर सातव्या वेतन आयोगातली सगळ्यात खालची श्रेणी, मूळ वेतन 15,000 पासून. बऱ्याच ठिकाणी आता कंत्राटी भरती असते, तिथे हेही मिळत नाही.

टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जायचं असेल तर वाट लांब आहे. बारावी विज्ञान, नीट, आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, मग न्यायवैद्यकशास्त्रात तीन वर्षांचं एमडी. तालुक्याच्या ठिकाणी एमडी नसलेला वैद्यकीय अधिकारीही शवविच्छेदन करतो. डॉक्टर होण्याची वाट सरकारने पायरी-पायरीने लिहून ठेवली आहे. मामा होण्याची वाट कुठेच लिहिलेली नाही. "मला कोण शिकवणार? जुने मामा होते, त्यांच्या हाताकडे बघून शिकलो. पहिले आठ दिवस जेवलो नाही." देह न ओढता कसा उचलायचा, कवटी उघडताना करवत कुठे थांबवायची, हातमोजा फाटला तर काय करायचं, कावीळ-ब ची लस, फॉर्मॅलिनने चुरचुरणारे डोळे, हे सगळं अनुभवाच्या हवाली. विमानाने न्यायच्या देहात फॉर्मॅलिन भरून तो टिकवावा लागतो. हे एम्बामिंग शरीररचनाशास्त्र विभाग करतो, आणि तिथेही मदतीला असेच हात लागतात.

देह ताब्यात मिळाल्यानंतरचं कामही कुणाला तरी करावं लागतं. मुंबईत अंत्यसंस्काराची सगळी व्यवस्था पैसे घेऊन करणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. त्यातल्या एकीने 2022 च्या दिल्लीच्या व्यापार मेळ्यात सजवलेली तिरडी ठेवून दुकान मांडलं, तेव्हा लोक हसलेही आणि चिडलेही. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. मुलं परदेशात, शेजारी अनोळखी. कुणीतरी करायला हवंच. आपल्याकडे अजून गल्लीतली चार माणसं तिरडी बांधतात, कैलासनगर किंवा पुष्पनगरीच्या स्मशानात नेतात, तिसऱ्या दिवशी सावडून अस्थी पैठणला गोदावरीत सोडतात. पण स्मशानात लाकूड रचणारा, रात्री चिता ढासळली तर बांबूने सावरणारा माणूस आपल्यातला नसतो. मराठवाड्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या मसणजोगी समाजाच्या वाट्याला आलं. शवविच्छेदनगृहातलं काम सफाई कामगारांच्या घरांकडे गेलं. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगारांच्या वारसांना नोकरीचा आधार दिला आणि तो आधार टिकायलाच हवा. पण मुलाला बापाची नोकरी मिळते तेव्हा बापाला न मिळालेलं प्रशिक्षणही त्याला मिळालं पाहिजे. मृत्यूच्या आसपासची कामं आपण जातींवर टाकली. हात झटकून मोकळे झालो, आणि त्या कामात कसब असतं हे मान्य करायचं राहून गेलं.

कसब नाही कसं म्हणता? मी माझ्या भावाच्या केसांवरून हात फिरवलाय. बोटाला टाका लागला नाही.

माझी मागणी साधी आहे. घाटीत न्यायवैद्यकशास्त्र आहे, शरीररचनाशास्त्र आहे, शिकवणारे आहेत, आणि हातात कला असलेले मामाही आहेत. सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करायला आणखी काय लागतं? त्यात देह हाताळणं, टाके, बरणी आणि मोहर, संसर्गापासून बचाव, आणि दारातल्या नातेवाइकाशी बोलणं शिकवावं. शिकवायला डॉक्टरांच्या शेजारी मामांना उभं करावं, मानधन देऊन. प्रमाणपत्र असलेल्याला वरची श्रेणी द्यावी आणि पदाला कुशल कामगार म्हणावं. मग कन्नडचा तो पोरगा नोकरी सांगताना मान खाली घालणार नाही, आणि मामांना सोयरिकीत अर्धवट बोलावं लागणार नाही.

त्या पोराने जाताना मामांचा फोन नंबर घेतला. चुलत्याचा चेहरा उघडण्याआधी मामा दारात आले, हातात तोच काळा कंगवा. पोराने विचारायची वाट बघितली नाही.

"मधोमध," तो म्हणाला.