ठिगळ लावले, काटा राहिला!

विद्यार्थी मित्रहो, सायकल पंक्चर झाली. ट्यूबला ठिगळ लावले, पण टायरमध्ये रुतलेला बाभळीचा काटा काढलाच नाही, तर काय होईल? दुसऱ्या दिवशी पुन्हा पंक्चर! लॅपटॉपच्या बाबतीतही असेच घडते.

आमच्या यवतमाळच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी कापूस विकून तिला लॅपटॉप घेऊन दिला होता. तो बंद पडला. चार्जर जोडला की चार्जरचाच दिवा विझे. दोनदा दुरुस्ती झाली. दोन्ही वेळा एकच धारित्र, म्हणजे दुकानातल्या भाषेत कपॅसिटर, बदलले गेले. महिनाभराने पुन्हा तेच. आता दुरुस्तीला पैसे नव्हते आणि परीक्षा तोंडावर आली होती. "सर, आपण बघू या का?" तिने विचारले.

चार्जर व बॅटरी दोन्ही काढून आम्ही मदरबोर्डवर चार्जरची पिन बसते तेथे मल्टिमीटरने रोध मोजला. तो हजारो ओहम हवा. भरला अवघा ०.५ ओहम! ओहमच्या नियमाप्रमाणे १९ व्होल्टला ३८ अँपिअर प्रवाह वाहायला हवा. चार्जरची ताकद मात्र तीन-चार अँपिअरची. म्हणून तो स्वतःच्या बचावासाठी बंद होई. चार्जर निर्दोष होता.

पण तेथे पाच धारित्रे समांतर जोडलेली. कोणत्याही धारित्रावर मीटर लावा, उत्तर ०.५ ओहमच. मग दोषी कोणते? आम्ही पाचांवरही ब्रशने स्पिरिटचा पातळ हात फिरवला आणि प्रयोगशाळेतील वीजपुरवठ्यातून फक्त १ व्होल्ट दिला. प्रवाह २ अँपिअर, म्हणजे २ वॅट उष्णता. तीही जवळजवळ सगळी तांदळाच्या दाण्याहून लहान अशा एकाच धारित्रात! त्याच्यावरचे स्पिरिट सर्वांत आधी सुकले. (स्पिरिट चटकन पेट घेते. हा प्रयोग शिक्षकांशिवाय करू नका.)

सापडले ते नुकतेच बदललेले धारित्र. ते पुन्हा का बिघडले? त्यात बेरियम टायटनेटचे आणि धातूचे पातळ थर एकाआड एक असतात. हा पदार्थ चिनी मातीच्या कपासारखा कडक, पण ठिसूळ. मदरबोर्ड वाकला की त्याला तडा जातो व धातूचे थर एकमेकांना भिडतात. मदरबोर्ड वाकत का होता? पाहतो तो पिनेजवळचा एक स्क्रूच नव्हता! चार्जर खुपसताना दर वेळी तेवढी कड दबत होती.

नवे धारित्र बसवले आणि सोबत तो स्क्रूही. परीक्षा पार पडली. दोन वर्षे झाली, लॅपटॉप चालू आहे.

२००० नंतरच्या काही वर्षांत जगभर असंख्य मदरबोर्डांवरील दुसऱ्या एका प्रकारची, द्रव भरलेली धारित्रे फुगून फुटली. त्यांतील द्रवच सदोष होता. त्याच जातीचे नवे धारित्र बसवून काय उपयोग?

तेव्हा मित्रहो, एकच भाग पुन्हा पुन्हा निकामी झाला, तर "काय बिघडले?" एवढ्यावर थांबू नका, "का बिघडले?" हेही विचारा. काटा तेथेच सापडेल.