जुन्या मोटारसायकलीस योग्य वंगण तेल

पालघर जिल्ह्यात मोटारसायकल हे आता शेतीच्याच अवजारांपैकी एक होऊन बसले आहे. वाणगावच्या बाजूची मिरची, विक्रमगड व जव्हारकडील मोगऱ्याच्या कळ्या, डहाणू-घोलवडचा चिकू, केळवे-माहीमची भाजी यांपैकी बराचसा माल शेतापासून रेल्वे स्थानकापर्यंत किंवा टेम्पो थांबतो त्या नाक्यापर्यंत मोटारसायकलीवरूनच येतो. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा गावकरी सकाळी हीच गाडी घेऊन निघतो आणि सुटीच्या दिवशी तिच्यावरच खताची गोणी आणतो. यांपैकी पुष्कळ गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या किंवा त्याहूनही जुन्या असतात. मोगऱ्याची कळी पहाटे खुडली म्हणजे तिला उमलण्यापूर्वी बाजार गाठावा लागतो. अशा वेळी घाटात इंजिन जाम झाले तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चाचे नसते, त्या दिवसाच्या उत्पन्नाचेही असते.

इंजिन जाम होण्याची कारणे अनेक असली तरी वंगणाकडे झालेले दुर्लक्ष हे त्यांतील मोठे कारण होय. शेतकरी बंधू तेलाची निवड बहुधा दोन समजुतींवर करतात. पहिली अशी की, जुन्या इंजिनास जितके जाड तेल घालावे तितके चांगले. दुसरी अशी की, तेल ते तेल. पाण्याच्या पंपासाठी किंवा ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातील उरलेले मोटारसायकलीत घातले तरी चालते. या दोन्ही समजुती कोठे चुकतात हे कळण्यासाठी मोटारसायकलीच्या इंजिनाची रचना थोडी पाहिली पाहिजे.

पंपाच्या डिझेल इंजिनात तेलाला इंजिनाचेच काम असते. ट्रॅक्टरमध्ये इंजिनाचे तेल वेगळे व गिअरचे वेगळे असते. आजच्या बहुतेक चार-स्ट्रोक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच ही तिन्ही अंगे एकाच तेलात बुडालेली असतात. तेलाने पिस्टन व बेअरिंग यांचे घर्षण कमी करावयाचे, गिअरच्या दात्यांमधील दाब सोसावयाचा आणि त्याच वेळी क्लचच्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतील इतके घर्षण शिल्लकही ठेवावयाचे. शिवाय हवेने थंड होणाऱ्या इंजिनातील उष्णता बाहेर नेण्याचे कामही त्यालाच करावे लागते. आणि शंभर सी.सी.च्या गाडीत हे सर्व करण्यास जेमतेम एक लिटर किंवा त्याहूनही थोडे कमी तेल असते. त्यातील तीनशे मिलिलिटर जळून गेले तर उष्णता वाहून नेणारा तिसरा हिस्साच नाहीसा झाला, असा त्याचा अर्थ होतो.

डब्यावरील आकडे तेलाचा पातळपणा किंवा जाडपणा सांगतात. '१० डब्ल्यू-३०' यातील 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्यासाठी असलेल्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. त्यापूर्वीचा आकडा थंडीत तेल किती घट्ट होते हे दर्शवितो. १० डब्ल्यू तेलाची ही कसोटी उणे २५ अंश सेल्सिअसला, तर २० डब्ल्यू तेलाची उणे १५ अंशांना घेतात. पालघर जिल्ह्यात, किंबहुना महाराष्ट्रात कोठेही, अशी थंडी पडत नाही. तेव्हा पहिल्या आकड्याची फार चिंता करण्याचे कारण नाही. दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा. तो १०० अंश तापमानास, म्हणजे इंजिन चांगले तापल्यावर, तेल किती दाट राहते हे सांगतो. ३० आकड्याच्या तेलापेक्षा ४० चे, आणि ४० पेक्षा ५० चे तेल तापल्यावर अधिक दाट असते.

मग ५० चे तेलच सर्वांनी का घालू नये? कारण इंजिन ज्या तेलासाठी बांधलेले असते त्याच मापाने त्याचा तेलपंप व तेलाच्या वाटा केलेल्या असतात. १९८५ साली आलेली हिरो होंडा सी.डी. १०० व १९९४ साली आलेली स्प्लेंडर यांची इंजिने पातळ तेलावर चालण्यासाठी केलेली आहेत. त्यांत १० डब्ल्यू-३० तेल सांगितलेले असते. सकाळी गाडी सुरू केल्यावर जाड तेल वर डोक्यातील कॅमपर्यंत पोहोचण्यास अधिक वेळ लागतो आणि तेवढा वेळ कॅम व रॉकर कोरडे घासले जातात. दररोज पाच-सहा वेळा थोड्या थोड्या अंतरासाठी गाडी सुरू करणाऱ्या शेतकऱ्याच्या इंजिनाची झीज अशा वेळीच अधिक होते. याउलट बजाजची पल्सर २० डब्ल्यू-५० तेलाची आहे. तिच्यात स्प्लेंडरचे तेल घालणे तितकेच अयोग्य. लोखंडी बोअरच्या जुन्या बुलेटलाही साधारणतः २० डब्ल्यू-५० हेच तेल लागते, आणि तिच्यात गिअरबॉक्सचे तेल निराळे असते हे विसरू नये. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका हरवली असल्यास त्याच कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस केंद्रात विचारून आकडा टाकीच्या आतील बाजूस किंवा सीटखाली रंगाने लिहून ठेवावा. पुढील वेळी गॅरेज बदलले तरी चूक होत नाही.

आकड्यांइतकेच महत्त्वाचे, परंतु फारसे कोणी न पाहणारे चिन्ह म्हणजे 'जासो एम.ए.' हे होय. मोटारींची तेले पेट्रोल वाचविण्याच्या हेतूने उत्तरोत्तर अधिक निसरडी करण्यात आली. मोटारीचा क्लच कोरडा असल्याने तिला त्याची बाधा होत नाही. परंतु तेच तेल मोटारसायकलीच्या ओल्या क्लचमध्ये गेले म्हणजे प्लेटा घसरू लागतात. ही अडचण लक्षात आल्यावर जपानमध्ये १९९८ साली मोटारसायकलीच्या तेलासाठी स्वतंत्र मानक ठरविण्यात आले. एम.ए. म्हणजे ओल्या क्लचला चालणारे तेल, एम.ए. १ व एम.ए. २ हे त्याचेच पोटप्रकार आहेत. एम.बी. म्हणजे कमी घर्षणाचे तेल. ते गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असते. पेठेत दोन्ही डबे शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि घरात स्कूटर व मोटारसायकल दोन्ही असल्यास अदलाबदल सहज होते. मनोरहून जव्हारकडे चढताना मागे ओझे आहे, इंजिन ओरडते, पण गाडी पुढे सरकत नाही, असा अनुभव येऊ लागला तर क्लच प्लेटा बदलण्यापूर्वी आत कोणते तेल आहे याची चौकशी अवश्य करावी.

डब्यावर एस.एफ., एस.जी., एस.जे., एस.एल., एस.एन. अशी अक्षरेही असतात. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढे तितके मानक नवे. पुस्तिकेत सांगितले असेल ते किंवा त्यापुढचे अक्षर घ्यावे, मात्र जोडीस जासो एम.ए. असलेच पाहिजे. 'सी'ने सुरू होणारी अक्षरे डिझेल इंजिनासाठी असतात. डिझेलचे तेल घातल्याबरोबर मोटारसायकल बिघडते असे मात्र नव्हे. काही डब्यांवर डिझेलची अक्षरे व जासो एम.ए. ही दोन्ही आढळतात. धोका आहे तो पंपासाठी आणलेल्या एकाच आकड्याच्या जाड तेलाचा आणि त्याहून अधिक ट्रॅक्टरच्या गिअर व हायड्रॉलिकच्या तेलाचा. ही तेले मोटारसायकलीच्या इंजिनात कदापि घालू नयेत. महाग कृत्रिम तेलाचीही जुन्या शंभर सी.सी. गाडीस आवश्यकता नसते. साधे खनिज तेल वेळच्या वेळी बदलले तर ते पुरेसे होते.

आता खरोखरच झिजलेल्या, तेल पिणाऱ्या इंजिनाचा प्रश्न. प्रथम तेल कोठे जाते ते शोधावे. गाडी रात्री उभी असते त्या जागी स्वच्छ पुठ्ठा ठेवावा. सकाळी त्यावर डाग दिसला तर तेल गळते आहे. बहुधा वॉशर, सील किंवा नट यांवर थोडक्या खर्चात काम भागते. डाग नाही पण सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, तर तेल जळते आहे. धूर केवळ सुरू करताना येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हची सीले गेलेली असतात. वेग वाढविताना सतत येत असेल तर रिंग व बोअर झिजलेले असतात. थंडीत पहाटे दिसणारी पांढरी वाफ हा दोष नव्हे. अशा झिजलेल्या गाडीस, पुस्तिका परवानगी देत असल्यास, ३० ऐवजी ४० चे तेल घालून हंगाम निभावून नेता येतो. धूर काहीसा कमी होतो, आवाजही दबतो. परंतु झिजलेली रिंग तेलाने भरून येत नाही. म्हणून हंगाम संपताच बोअरचे काम करून घ्यावे व पुन्हा मूळ आकड्याच्या तेलावर यावे. कामाशिवाय ५० वर, मग त्याहूनही जाड तेलावर जाणे म्हणजे दुरुस्ती पुढे ढकलून तिचा खर्च वाढविणे होय.

तेल जळणाऱ्या गाडीची पातळी आठवड्यातून एकदा पाहिलीच पाहिजे. गाडी सपाट जागी मोठ्या स्टँडवर सरळ उभी करावी, दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावी आणि तितकाच वेळ थांबावे. स्प्लेंडरसारख्या गाडीत काडी पुसून नुसती टेकवावी, आटे आवळू नयेत. आवळल्यास पातळी असते त्याहून जास्त भासते. बाजूच्या लहान स्टँडवर कलती उभी केलेल्या गाडीची काडी खोटे सांगते. जुन्या बुलेटमध्ये उभ्या गाडीतील तेल टाकीतून हळूहळू खाली इंजिनात उतरते. त्यामुळे सकाळी काडी कोरडी दिसली म्हणून लगेच तेल ओतू नये, इंजिन चालवून मग पाहावे.

पावसाळ्यात किनारपट्टीवर एक निराळाच प्रकार आढळतो. झाकण उघडल्यावर आतून ताकासारखा पांढरा फेस दिसतो. घरापासून शेतापर्यंत दोन किलोमीटर एवढीच गाडी फिरत असेल तर इंजिन पुरेसे तापत नाही आणि दमट हवेतील पाणी आत साठून तेलात मिसळते. थोडा फेस असल्यास गाडी एकदा दहा-पंधरा किलोमीटर सलग चालवावी. परंतु ओढ्याची फरशी ओलांडताना गाडी पाण्यात बुडाली असेल, किंवा काडीवरील सर्वच तेल दुधाळ दिसत असेल, तर इंजिन चालू न करता तेल बदलावे. काडीला पेट्रोलचा वास येत असेल तर कार्बोरेटरमधून पेट्रोल पाझरते आहे असे समजावे. अशा पातळ झालेल्या तेलाने बेअरिंग लवकर जाते. गाडी उभी करताना कॉक बंद करण्याची जुनी सवय यासाठीच चांगली होती.

गिअरच्या दात्यांत भरडले जाऊन मोटारसायकलीचे तेल मोटारीच्या तेलापेक्षा लवकर पातळ होते. म्हणून जुन्या गाडीचे तेल ३,००० किलोमीटरच्या आत बदलावे. गाडी कमी फिरत असली तरी पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा बदलणे इष्ट होय. तेल गरम असताना काढावे. काही गॅरेजांत तेल काढल्यावर डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन 'धुण्याची' प्रथा आहे. ती बंद करावयास सांगावे, कारण आतील कोपऱ्यांत राहिलेले डिझेल नवे तेल पहिल्याच दिवशी पातळ करते. सी.डी. १०० व स्प्लेंडर यांना कागदी फिल्टर नसतो. जाळी व फिरती गाळणी असते, आणि तीत साचलेला गाळ झाकण उघडून काढावा लागतो. हे काम वर्षानुवर्षे न झालेल्या गाड्या पुष्कळ आहेत.

राजदूत, येझदी, आर.एक्स. १०० या दोन-स्ट्रोक गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांत तेल पेट्रोलबरोबर जळून जाण्यासाठीच असते. म्हणून चार-स्ट्रोकचे तेल चालत नाही, त्याची राख प्लगवर व सायलेन्सरमध्ये साचते. त्यांना जासो एफ.सी. किंवा एफ.डी. हे कमी धुराचे टू-टी तेल घ्यावे. तेल पेट्रोलमध्ये मिसळावे लागणाऱ्या गाडीत पुस्तिकेतील प्रमाण पाळावे. वीसास एक म्हणजे लिटरमागे ५० मिलिलिटर. माप अंदाजाने न ओतता औषधाच्या मापाच्या पेल्याने घ्यावे. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते व ते पाणी ओढून घेते. तेव्हा मिसळलेले पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने ठेवू नये. गवत कापण्याच्या दोन-स्ट्रोक यंत्रांनाही हेच सर्व लागू पडते.

तेल सुट्या पिंपातून घेऊ नये. ओळखीच्या दुकानातून किंवा पेट्रोल पंपावरून, झाकणाचे सील पाहून घ्यावे. रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्यास भोके पाडावीत, म्हणजे त्यात नकली तेल भरून तो पुन्हा पेठेत येणार नाही. लिटरभर चांगल्या तेलास काही शे रुपये पडतात. बोअर-पिस्टनचे काम हजारांत जाते.

काढलेले जुने तेल बांधावर, ओहोळात किंवा विहिरीजवळ ओतू नये. कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून ते फासण्याची रीत आहे, परंतु त्यातील विषारी द्रव्ये पावसाबरोबर मातीत उतरतात आणि हातास वारंवार लागल्यास त्वचेसही अपायकारक असतात. जनावरांच्या जखमांवर तर ते मुळीच लावू नये. जळके तेल पुन्हा शुद्ध करता येते व कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. गावातील गाड्यांचे तेल एका झाकणाच्या कॅनमध्ये साठवून, पालघर किंवा बोईसरच्या ज्या गॅरेजमधून नोंदणीकृत पुनर्शुद्धीकरण करणारे तेल नेतात तेथे ते पोहोचविण्याची व्यवस्था गावपातळीवरील कार्यकर्त्यांना करता येईल. कॅनवर 'जळके तेल' असे ठळक लिहावे, आणि तो फवारणीच्या औषधांच्या कपाटात ठेवू नये.