जुनं नाव कुणाला सांगायचं? नोकरीआधीची पडताळणी आणि पारलिंगी उमेदवार



मागच्या वर्षी एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. "सर, शाळेत एक ई-मेल आलाय का, जरा बघता? माझी नोकरी अडकलीय."

ई-मेल आला होता. अमुक नावाच्या उमेदवाराने तुमच्या शाळेतून दहावी केली का, असं एका पडताळणी संस्थेने विचारलं होतं. आमच्या लिपिकांनी जनरल रजिस्टर उघडलं, नाव शोधलं आणि प्रामाणिकपणे कळवलं, "या नावाचा विद्यार्थी आमच्या शाळेत नव्हता."

रजिस्टर खरं होतं, लिपिक खरं बोलत होते आणि ती मुलगीही खरंच बोलत होती. तरीही कंपनीच्या कागदावर 'शैक्षणिक माहिती जुळत नाही' असा शेरा पडला. ती शाळेत असताना रजिस्टरात मुलगा म्हणून नोंदलेली होती, नाव वेगळं होतं. त्याच नावाने मी तिला वर्गात हाक मारत असे. ते नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला ते कळायची गरज नाही. गरज कुणाला असते आणि कुणाला नसते, हाच आजच्या लेखाचा विषय.

पडताळणीत नेमकं काय होतं?

नोकरी देण्याआधी कंपनी उमेदवाराची माहिती तपासून घेते. हे काम बहुतेक वेळा बाहेरच्या संस्थेकडे दिलेलं असतं. ओळखपत्र, पत्ता, शिक्षण, आधीची नोकरी आणि न्यायालयीन किंवा पोलीस नोंद अशा साधारण पाच गोष्टी बघितल्या जातात. यातली प्रत्येक नोंद वेगळ्या कार्यालयात, वेगळ्या वर्षी तयार झालेली असते. आधार नव्या नावाचं, गुणपत्रिका जुन्या नावाची, पहिल्या नोकरीचं अनुभवपत्र जुन्या नावाचं, असं झालं की साखळी तुटते. म्हणूनच फॉर्मवर 'यापूर्वीचे नाव असल्यास' असा रकाना असतो.

हा रकाना आपल्याला नवा नाही. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं आडनाव बदलतं, कित्येक घरांत तांदळात अंगठीने लिहून पहिलं नावही बदलतात. 'पूर्वाश्रमीची अमुक' असं आपण सहज लिहितो, आणि कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. मग अडचण कुठे आहे? लग्नाआधीच्या नावातून फार तर माहेर कळतं. पारलिंगी व्यक्तीच्या जुन्या नावातून तिचा सगळा खासगी प्रवास उघड होतो, आणि तो कुणाला, कधी सांगायचा हे ठरवायची संधी तिच्या हातातून जाते.

लपवणं आणि न सांगणं

इथे दोन गोष्टींत गल्लत होते. विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देणं वेगळं आणि न विचारलेलं न सांगणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली 'अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार' या निकालात पडताळणी फॉर्मबद्दल काही तत्त्वं घालून दिली. प्रकरण फौजदारी खटल्यांची माहिती दडवण्याचं होतं, पण त्यातल्या दोन गोष्टी इथेही समजून घेण्यासारख्या आहेत. फॉर्मात दिलेली माहिती खरी असली पाहिजे. आणि माहिती दडवली असं म्हणायचं, तर मुळात प्रश्न मोघम नको, नेमका हवा.

म्हणून 'यापूर्वीचे नाव' असं स्पष्ट विचारलेलं असेल आणि गुणपत्रिका जुन्या नावाची असेल, तर रकान्यात 'नाही' लिहू नये. पुढे तफावत निघाली तर विषय लिंगभावाचा राहत नाही, 'उमेदवार खोटं बोलला' असा होऊन बसतो. मात्र नाव का बदललं, शस्त्रक्रिया झाली का, असल्या प्रश्नांचा पडताळणीशी काही संबंध नाही. 'माझे नाव कायदेशीररीत्या बदलले आहे, पुरावा सोबत जोडला आहे' एवढं वाक्य पुरतं.

कायदा काय सांगतो?

'नालसा' प्रकरणात १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींच्या ओळखीला मान्यता दिली. त्यानंतर २०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा आला. त्यातल्या कलम ९ प्रमाणे नोकरभरती, बढती अशा कोणत्याही बाबतीत भेदभाव करता येत नाही. कलम ११ प्रमाणे आस्थापनेत तक्रार अधिकारी असावा लागतो. जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी दिलेलं प्रमाणपत्र असेल, तर जन्मदाखल्यात आणि ओळखीच्या इतर अधिकृत कागदांत पहिलं नाव बदलून घेण्याचा हक्क कलम ७ देतं.

२०२० च्या नियमांत आपल्या कामाच्या आणखी दोन गोष्टी आहेत. बदलायच्या कागदपत्रांच्या यादीत शाळा, मंडळ आणि विद्यापीठाची प्रमाणपत्रंही आहेत, आणि सुधारित कागदावर मूळ कागदाचाच अनुक्रमांक राहतो. म्हणजे नाव बदललं तरी नोंदीचा धागा तुटत नाही. दुसरं म्हणजे, कर्मचाऱ्याच्या लिंगभावाच्या ओळखीबाबत गोपनीयता राखण्याचा मुद्दा आस्थापनेच्या समान संधी धोरणात असायला हवा.

ब्रिटनमधली सोय

इंग्लंड आणि वेल्समध्ये शाळा, रुग्णालयं अशा ठिकाणच्या कामासाठी 'डीबीएस' या सरकारी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. तिथे अर्जात आधीची सगळी नावं द्यावी लागतात. पण पारलिंगी अर्जदारांसाठी वेगळा कक्ष आहे. अर्ज पाठवण्याआधी त्या कक्षाशी संपर्क साधायचा आणि जुनं नाव थेट तिथे कळवायचं. ते मालकाच्या हाती जाणाऱ्या अर्जात लिहावं लागत नाही. तपास दोन्ही नावांनी होतो. जुन्या नावावर गुन्ह्याची नोंद निघाली तर मात्र ते नाव प्रमाणपत्रावर येऊ शकतं. थोडक्यात, तपासणाऱ्याला नाव कळतं, पण शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला ते कळायचं कारण उरत नाही.

उमेदवाराने काय करावं?

१. आधी ओळखपत्रं, मग गुणपत्रिका, मग भविष्यनिर्वाह निधीचं खातं, अशा क्रमाने नाव बदलून घ्यावं. प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवावी.

२. राजपत्रात नावबदल छापला जातो तेव्हा जुनं आणि नवं, दोन्ही नावं शेजारी येतात आणि राजपत्र कुणालाही वाचता येतं, हे लक्षात असू द्यावं.

३. जुनं नाव द्यावंच लागलं, तर ते पडताळणी करणाऱ्या संस्थेला किंवा एचआरमधल्या एकाच जबाबदार व्यक्तीला लेखी द्यावं. 'ही माहिती फक्त पडताळणीसाठी' असं त्यात स्पष्ट लिहावं. तोंडी सांगितलेली गोष्ट चहाच्या टपरीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

४. शाळेला किंवा आधीच्या कंपनीला पडताळणीचा ई-मेल येण्याआधीच कळवून ठेवावं.

आणि शाळेने?

आमच्या विद्यार्थिनीने प्रमाणपत्राची प्रत आणि संमतीपत्र पाठवलं. बैठक क्रमांक, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष आणि आईचं नाव जुळलं. मग मुख्याध्यापकांनी नवं उत्तर लिहायला घेतलं आणि पहिल्याच वाक्याला थांबले. 'शिकत होता' लिहायचं की 'शिकत होती'? मराठीत क्रियापद लगेच चुगली करतं! शेवटी आम्ही लिहिलं, "सदर बैठक क्रमांकाच्या उमेदवाराने आमच्या शाळेतून दहावीची परीक्षा उत्तीर्ण केली आहे. आमच्या आधीच्या उत्तरात नोंद शोधण्यात चूक झाली होती." व्याकरणातला कर्मणी प्रयोग इतकी वर्षं शिकवतोय, त्याचा असा उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं.

नऊ दिवसांनी तिचा निरोप आला, ती रुजू झाली होती. तेव्हापासून आमच्या कार्यालयात एक पद्धत पडली आहे. नाव जुळलं नाही तर 'विद्यार्थी नव्हता' असं कळवायचं नाही. 'या नावाने नोंद आढळली नाही, कृपया बैठक क्रमांक व वर्ष कळवावे' असं लिहायचं.

विचार करा आणि लिहा

१. 'विचारलेलं लपवणं' आणि 'न विचारलेलं न सांगणं' यांतला फरक एका उदाहरणाने स्पष्ट करा.

२. उमेदवार स्त्री की पुरुष हे कळणार नाही, अशी तीन मराठी वाक्यं तयार करा.

३. तुमच्या शाळेत असा ई-मेल आला, तर उत्तर कसं लिहाल? मसुदा तयार करा.