‘अँक्शस’ : चिंता की उत्कंठा?

बेळगावच्या पश्चिमेस, भाताच्या व रताळ्यांच्या शेतांतून वाट काढीत गेले की बेळगुंदी लागते. तेथील एका परिचित कुटुंबातील मुलीस गेल्या वर्षी परदेशातील एका रुग्णालयातून पत्र आले. परिचारिकेच्या जागेसाठी तिची मुलाखत आधीच झाली होती. प्रवासाच्या तयारीसाठी कर्जही काढून झाले होते. पत्रात एक वाक्य असे होते, ‘वी आर अँक्शस टु हॅव यू विथ अस बिफोर ख्रिसमस.’ मुलगी त्या वेळी हुबळीस होती. घरी नववीत शिकणाऱ्या धाकट्या भावाने कोश उघडला. ‘अँक्शस’पुढे पहिलाच अर्थ होता, ‘चिंताग्रस्त’.

झाले! रुग्णालयास आपल्या मुलीविषयी चिंता वाटते, म्हणजे कागदपत्रांत काही खोट निघाली असावी, असा घरच्यांनी तर्क केला. आईच्या घशाखाली घास उतरेना. दुसऱ्या दिवशी आजी पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. “मास्तर, काय लिवलंय तेवढं नीट बघा की. नोकरी गेली म्हणं.”

नोकरी गेली नव्हती. मुलीने नाताळापूर्वीच यावे अशी त्या मंडळींना उत्कंठा लागली होती, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. पण मुलाला तरी दोष कसा द्यावा? एकाच शब्दात काळजी आणि आतुरता अशा दोन्ही गोष्टी राहतात, हे कोशाच्या पहिल्या ओळीवरून कळत नाही. त्याचा उलगडा शब्दापुढे काय येते यावरून होतो. ‘अँक्शस अबाउट’ म्हटले की चिंता. ‘अँक्शस टु’ आणि पुढे क्रियापद आले की बहुधा उत्सुकता. ‘अँक्शस फॉर’ मात्र दोन्हीकडे झुकतो. बातमीसाठी ‘अँक्शस’ असणारा माणूस तिची वाट पाहत असतो, आणि मुलाच्या जिवासाठी ‘अँक्शस’ असणारी आई घाबरलेली असते. उत्सुकतेचा अर्थ अठराव्या शतकाच्या मध्यापासून रूढ आहे. तरीही विसाव्या शतकातील काही भाषाशुद्धीवाद्यांनी त्यास हरकत घेतली. व्यवहाराने ती मानली नाही, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते.

शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘अँगेरे’ म्हणजे आवळणे, गळा दाबणे. जर्मन ‘आंग्स्ट’ हा त्याचाच भाऊबंद. वेदांतील ‘अंहस्’, म्हणजे संकट किंवा पीडा, हाही त्याच कुळातला. त्याच्याच जवळच्या ‘अंहु’ शब्दाचा अर्थ ‘अरुंद’ असा आहे. हृदयविकारातील ‘अँजायना’चे मूळही तेच. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६८ साली त्या विकाराचे वर्णन केले तेव्हा छाती आवळली जाण्याची भावना लक्षात घेऊनच हे नाव दिले. आपल्याकडेही जीव घुसमटतो, मनाचा कोंडमारा होतो. भाषा निराळ्या, पण त्रास एकाच जागी जाणवतो.

अर्थ किती सरकतात याचे एक उदाहरण बायबलच्या इंग्रजी भाषांतरांत सापडते. फिलिप्पैकरांस चिंता न करण्याविषयी संत पौलाने लिहिले, तेथे १६११ च्या प्रोटेस्टंट भाषांतराने ‘केअरफुल’ हा शब्द योजला. त्या काळी ‘केअरफुल’चा अर्थ ‘चिंतेने भरलेला’ असाही होई. आज तो ‘सावध’ या अर्थाने वापरतात. जुने वाक्य आजच्या अर्थाने वाचणाऱ्यास संत पौल निष्काळजीपणाचा उपदेश करतात असेच वाटेल!

आजींना मी हे सारे सांगत बसलो नाही. त्यांना एवढेच विचारले, “गावकीसाठी झटणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणता?” त्या म्हणाल्या, “त्याला गावची तळमळ हाय म्हणतो.” “आणि तापाने रात्रभर कूस बदलणाऱ्याला?” “तोबी तळमळतोय की.” आजी हसल्या. शब्द त्यांना कळला होता.

मराठी याबाबतीत फार श्रीमंत आहे. निकालाआधी धाकधूक असते, निर्णय होईना की घालमेल. हातून राहून गेलेल्या गोष्टीची चुटपुट लागते, आणि ती जुनी झाली की रुखरुख होऊन राहते. माणूस दूर गेले की हुरहुर. उन्हाळ्यात होते ती तगमग. हे सगळे एकट्या ‘अँक्शस’मध्ये कोंबणे हा अन्याय आहे. ‘अनईझी’, ‘रेस्टलेस’, ‘नर्व्हस’ हे शब्द मदतीस येतात, पण ‘रुखरुख’ यांतील कशानेच पुरी होत नाही.

मुलगी हुबळीहून आल्यावर मी तिला एक सूचना केली. ‘आय अ‍ॅम अँक्शस’ एवढेच लिहून वाक्य संपवू नकोस. ते वाचणारा तू घाबरली आहेस असे समजेल. रुग्णालयात तर हा भेद विशेष सांभाळावा लागतो. तेथे रोगी ‘अँक्शस’ आहे अशी नोंद होते ती त्याच्या मनाच्या अवस्थेविषयी. घरी जाण्यास उतावीळ झालेल्या रोग्यासाठी ‘ईगर’ बरा.

तिने उत्तरात ‘ईगर टु जॉइन’ असे लिहिले. आजींनी ते दोनदा वाचून घेतले आणि मग विचारले, “आमच्याबद्दल काय लिवलंस?”

त्याचे उत्तर त्या पत्रात नव्हते. मुलगी आजींच्या शेजारी जाऊन बसली.