छायाचित्रांतील रवाळपणा

शाळेच्या स्नेहसंमेलनाचीं छायाचित्रें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट सहज आली असेल. सकाळीं मैदानावर घेतलेलें चित्र स्वच्छ व नितळ असतें. पण तेंच यंत्र आणि तींच मुलें असूनहि दिवे लागल्यानंतर घेतलेल्या चित्रांत चेहऱ्यांवर बारीक रवा भुरभुरल्यासारखा दिसतो. मागच्या काळ्या पडद्यावर तांबडे, हिरवे व निळे ठिपके उठतात. अशा वेळीं पुष्कळ पालक यंत्राला दोष देतात आणि कांहीं जण अधिक किंमतीचें यंत्र घेण्याच्या विचारांत पडतात. तेव्हां हा दोष मुळांत कशाचा, तो किती अंशीं टाळतां येतो, आणि कोणत्या उपायानें हित होण्याऐवजीं हानि होते, हें पाहणें उपयुक्त होईल.

या दोषास इंग्रजींत 'नॉइज' म्हणजे गोंगाट असें म्हणतात. डोळ्यांनीं पाहावयाच्या वस्तूला कानाचें नांव कां? तें टेलिफोन व रेडिओ यांच्या शास्त्रांतून आलेलें आहे. दूरच्या केंद्रावरील गाणें ऐकत असतां मागें जी खरखर चालूं असते, तिचेंच हें दृश्य रूप होय. आपल्या भाषेंत रव म्हणजे आवाज आणि रवा म्हणजे कण. म्हणून रवाळपणा हा शब्द येथें दोन्ही अर्थांनीं शोभतो.

डिजिटल कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागीं सिलिकॉनचा एक पातळ तुकडा असतो. त्यास सेन्सर म्हणतात. त्यावर लक्षावधि, कित्येकदां कोट्यवधि सूक्ष्म घरें असतात. अशा प्रत्येक घराला पिक्सेल हें नांव आहे. घरांत प्रकाश पडला कीं इलेक्ट्रॉन सुटे होतात; यंत्र ते मोजतें आणि त्या मोजणीचे आंकडे म्हणजेच आपलें चित्र. या विद्येचा पाया विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं घातला, आणि त्याबद्दल त्यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन यांनीं जो कॅमेरा जुळविला, त्यांत अवघीं १०,००० घरें होतीं आणि एक चित्र फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत.

आतां मुख्य कारण पाहूं. प्रकाश हा अखंड धारेसारखा न येतां कणाकणांनीं येतो, हें आइन्स्टाइन यांनीं १९०५ सालीं मांडलें. या कणांस फोटॉन म्हणतात. पावसाची भुरभुर चालूं असतां आंगणांत सारख्या आकाराच्या शंभर वाट्या मांडून ठेवा आणि क्षणभरानें उचला. एका वाटींत तीन थेंब, दुसरींत सात, तिसरींत एकहि नाहीं, असें आढळेल. पाऊस सर्वत्र सारखाच होता, तरी वाट्यांत विषमता आली. त्याच वाट्या तासभर राहूं दिल्या, तर सर्व जवळजवळ सारख्या भरलेल्या दिसतील. प्रकाशाचें असेंच आहे. एका घरांत सरासरीनें १०० फोटॉन यावयाचे असतील, तर प्रत्यक्षांत सुमारें १० इकडेतिकडे होतात, म्हणजे शेंकडा १० चूक होते. १०,००० यावयाचे असतील, तर सुमारें १०० इकडेतिकडे होतात, म्हणजे शेंकडा एकच. संख्येच्या वर्गमूळाइतका हा फरक असतो. अर्थात् रवाळपणाचें मूळ बहुतांशीं यंत्रांत नसून प्रकाशाच्या तुटपुंजेपणांत आहे, आणि उत्तमांतील उत्तम यंत्रहि त्यांतून सुटत नाहीं.

यांत यंत्राची आपली भरहि पडते. इलेक्ट्रॉन मोजतांना थोडी चूक होतेच. शिवाय उष्णतेमुळें, प्रकाश नसतांहि, कांहीं इलेक्ट्रॉन सुटे होतात. सेन्सरचें तपमान सहा ते आठ अंश वाढलें कीं त्यांची संख्या सुमारें दुप्पट होते. म्हणूनच वेधशाळांतील कॅमेरे शून्याच्या पुष्कळ खालीं थंड करून ठेवितात. रंगीत ठिपक्यांचें कारण निराळें आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत ब्राइस बायर यांनीं योजिलेली रंगीत गाळणी असते. तिच्यामुळें निम्मीं घरें फक्त हिरवा, पाव घरें तांबडा व पाव घरें निळा प्रकाश घेतात. उरलेले दोन रंग यंत्र शेजारच्या घरांवरून अनुमानानें भरतें. मोजणींत चूक असली कीं अनुमानहि चुकतें आणि भलताच रंग उमटतो.

कॅमेऱ्यावर आयएसओ नांवाचा एक आंकडा असतो. तो वाढविला कीं चित्र उजळ होतें. पण रेडिओचा आवाज मोठा केल्यास गाण्याबरोबर खरखरहि वाढते, तसेंच येथें होतें. तथापि आयएसओला विनाकारण भिऊं नये. तो कमी ठेवून काळोखें चित्र घ्यावें आणि मागाहून संगणकावर उजळावें, यांत लाभ नाहीं. रवा तितकाच, किंबहुना अधिक दिसतो. आणि हलल्यामुळें पुसट झालेल्या चित्रापेक्षां थोडें रवाळ चित्र केव्हांहि बरें.

मग उपाय कोणते? पहिला व सर्वांत सोपा उपाय म्हणजे अधिक प्रकाश. आजीचें चित्र घ्यावयाचें असेल, तर तिला माजघरांतून उठवून खिडकीशीं बसवावें. दुसरा उपाय, वाटी अधिक वेळ ठेवणें. यंत्र तिवईवर टेकवून एक साठांश सेकंदाऐवजीं एक पंधरांश सेकंद उघडें ठेवलें, तर प्रकाश चौपट मिळतो व रवा निम्म्यानें घटतो. मात्र समोरचीं माणसें स्थिर हवींत. तिसरा उपाय, भिंगाचें छिद्र मोठें करणें. एफ ४ वरून एफ २ वर आल्यास प्रकाश चौपट होतो. चौथा उपाय, मोठी वाटी. फोनमधील घर बहुधा एक मायक्रॉनच्या आसपास रुंद असतें, तर मोठ्या कॅमेऱ्यांत तें सहा मायक्रॉनपर्यंत असतें. म्हणजे क्षेत्रफळ छत्तीसपट झालें.

पांचवा उपाय फार मनोरम आहे. एकाच दृश्याचीं अनेक चित्रें घेऊन त्यांची सरासरी काढावी. खरी आकृति प्रत्येक चित्रांत त्याच जागीं असते, रवा मात्र दर वेळीं निराळा पडतो. म्हणून १६ चित्रांच्या सरासरींत तो एकचतुर्थांश उरतो. फोनमधील रात्रीची सोय बहुधा याच तत्त्वावर चालते. १९९५ सालच्या डिसेंबरांत हबल दुर्बिणीनें आकाशाचा एक रिकामा भासणारा लहानसा तुकडा दहा दिवस न्याहाळून ३४२ चित्रें घेतलीं. तीं एकत्र केल्यावर तेथें सुमारें ३,००० दीर्घिका दिसून आल्या.

शेवटीं एक इशारा. संगणकाच्या साह्यानें रवा पुसून टाकणें आतां सोपें झालें आहे. पण साधी युक्ति शेजारचीं घरें एकमेकांत मिसळते. तिनें रव्याबरोबर लुगड्याचें विणकाम आणि आजोबांच्या कपाळावरील सुरकुत्याहि जातात. नवीन प्रकारच्या योजना असंख्य छायाचित्रांवरून शिकलेल्या असतात. त्या पुसट जागीं शोभेलसा तपशील घालतात, परंतु तो तेथें होताच असें नाहीं. करमणुकीच्या चित्रांत याचें फारसें वाईट वाटावयास नको. पण घरांतील वडील माणसांचें एकुलतें एक चित्र, अथवा पुराव्यासाठीं घेतलेलें चित्र, यांत असा खोटा नितळपणा घातक होय. म्हणून पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं मूळ चित्राची प्रत जशीच्या तशी जपून ठेवावी आणि दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर करावी. चित्र लहान आकारांत छापिलें, तरीहि पुष्कळ रवा आपोआप दिसेनासा होतो. आणि कांहीं उरलाच, तर त्याची लाज वाटूं देऊं नये. त्या सायंकाळीं उजेड थोडा होता, एवढीच खरी गोष्ट तो सांगत असतो.