मन लागत नाही? आधी हात लावा!

'मॅडम, तसं कुठं दुखत नाही, पण कशातच मन लागत नाही.' हे वाक्य दवाखान्यात मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळते. सांगणारे नाना प्रकारचे असतात. नुकतेच निवृत्त झालेले शिक्षक असतात. मुले पुण्या-मुंबईला गेल्यामुळे मोठ्या घरात दोघेच उरलेले पती-पत्नी असतात. सासूबाईंच्या आजारपणात वर्षभर घराबाहेर पाऊल न टाकलेली सून असते आणि स्पर्धा परीक्षांच्या चकरांत अडकलेली पंचविशीतली मुलेही असतात. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासले तर आकडे जागच्या जागी. मग 'एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या' असा आग्रह होतो.

अशा वेळी मी एक प्रश्न विचारते. कोणी सांगितलेले नाही, पैसे मिळत नाहीत, केवळ आवडते म्हणून स्वतःच्या हातांनी दिवसभरात काय करता? बहुतेक जण गप्प बसतात. थोड्या वेळाने कोणी सांगते, 'पूर्वी रांगोळी काढायचे.' कोणी सांगतो, 'शाळेत चित्रकला चांगली होती. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या.' मग सोडले का? उत्तर ठरलेले असते : 'आता ती उमेद राहिली नाही.'

आजचा लेख या उमेदीविषयी आहे.

उमेद आधी की काम आधी?

मनात स्फूर्ती आली की माणूस लिहितो, चित्र काढतो, अशी आपली समजूत असते. म्हणून आपण स्फूर्तीची वाट पाहत बसतो. वास्तविक मनाचा व्यवहार पुष्कळदा उलटा चालतो. मन उदास झाले की माणूस आवडीच्या गोष्टी एकेक करून सोडतो. त्या सोडल्या की दिवसातले आनंदाचे क्षण कमी होतात. ते कमी झाले की मन आणखी खचते आणि उरलेसुरलेही सुटते. हे चक्र आपोआप थांबत नाही.

मानसोपचारात याच विचारावर उभी असलेली 'बिहेविअरल ॲक्टिव्हेशन' नावाची उपचारपद्धती आहे. तिचे सूत्र साधे आहे. मन होण्याची वाट पाहू नका. ठरलेल्या वेळी ठरलेले छोटे काम करा, मन मागून येईल. नैराश्याच्या उपचारात तिचा उपयोग सिद्ध झालेला आहे. निरोगी पण कोमेजलेल्या माणसालाही हे सूत्र लागू पडते.

रवींद्रनाथ टागोरांचे उदाहरण पाहा. साठी उलटेपर्यंत त्यांची ओळख कवी आणि लेखक म्हणून होती. कवितांच्या वहीत नको असलेल्या ओळी खोडता खोडता ते त्या खाडाखोडी रेषांनी एकमेकींना जोडू लागले आणि त्यांतून पक्षी, प्राणी, चेहरे असे आकार उमटू लागले. पुढे त्यांनी दोन हजारांहून अधिक चित्रे काढली आणि १९३० मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, पॅरिसला त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. सुरुवात मात्र खोडलेल्या ओळींपासूनच झाली होती.

आपल्याला टागोर व्हायचे नाही. आपल्याला संध्याकाळी चारनंतर खायला उठणारा वेळ भरून काढायचा आहे. त्यासाठी तीन साधने पुरेशी आहेत : वही, मोबाइलचा कॅमेरा आणि रंगपेटी.

वही : रोज तीन ओळी

'मला लिहिता येत नाही,' असे म्हणणाऱ्या गृहिणीला मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरची आठवण करून देते. त्यावरच्या चौकोनांत दुधाचा हिशेब, गॅसची टाकी लावल्याची तारीख, कामवालीचे खाडे हे सगळे लिहिलेले असते. म्हणजे रोजनिशी आधीपासून चालूच आहे! त्यात फक्त तीन ओळी वाढवायच्या. आज काय पाहिले, काय ऐकले आणि काय केले. उदाहरणार्थ, 'शेवग्याला पहिली फुले आली. दूधवाल्याच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. जुन्या साडीची उशीची खोळ शिवली.' बस्स, एवढेच. भाषा अलंकारिक नको, शुद्धलेखनाची धास्ती नको.

आठ-दहा दिवसांत एक फरक जाणवू लागतो. लिहायला काहीतरी हवे म्हणून डोळे आपोआप शोधू लागतात. ज्या रस्त्याने वीस वर्षे मंडईत गेलो, त्या रस्त्यावरच्या वाड्याची महिरप प्रथमच दिसते. स्फूर्ती म्हणतात ती हीच. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्र' या पुस्तकात बारा महिन्यांतले निसर्गाचे बदल टिपलेले आहेत. त्यांतली कितीतरी झाडेपाने आपल्याही रोजच्या वाटेवर असतात. पाहण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

मनात साठलेले दुःख लिहून काढण्याचाही अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील क्लेशदायक प्रसंगांविषयी लिहायला सांगितले होते. घटना आणि तिच्याविषयीच्या भावना असे दोन्ही लिहिणारे विद्यार्थी पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. १९९९ मध्ये दमा आणि सांध्यांचा आमवात असलेल्या ११२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन दिवस, रोज वीस मिनिटे लिहिणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के रुग्णांत चार महिन्यांनंतर लक्षणीय सुधारणा दिसली. साध्या विषयांवर लिहिणाऱ्यांत हे प्रमाण २४ टक्के होते.

हे वाचून कोणी इनहेलर बाजूला ठेवू नये. त्या रुग्णांचे नेहमीचे उपचार चालूच होते. शिवाय नंतर झालेले शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सरासरी फायदा थोडा असल्याचे दिसले. लिहिणे हे औषधाला पूरक आहे, पर्याय नाही.

एक पथ्यही सांगायला हवे. जावेने केलेला अपमान किंवा भावाने वाटणीत केलेला अन्याय रोज त्याच शब्दांत लिहिला, तर जखमेची खपली रोज काढल्यासारखे होते. दुःखाविषयी तीन-चार दिवस लिहावे आणि थांबावे. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर लिहिण्याची घाई करू नये. लिहिताना जीव फारच कासावीस झाला, तर वही मिटून ठेवावी. आणि घरातल्यांनी दुसऱ्याची वही कधीही उघडू नये. वाचले जाईल ही भीती असेल तर कोणी खरे लिहीत नाही.

झोप लागत नाही अशी तक्रार असणाऱ्यांसाठी आणखी एक युक्ती आहे. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे उद्याच्या कामांची यादी लिहावी. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ५७ तरुणांच्या अभ्यासात, अशी यादी लिहिणाऱ्यांना इतरांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. कामे कागदावर उतरली की डोक्यात घोळत नाहीत.

कॅमेरा : आधी पाहा, मग टिपा

मोबाइलमुळे प्रत्येकाच्या खिशात आज कॅमेरा आहे. पण फोटो पुष्कळ आणि पाहणे थोडे, अशी अवस्था झाली आहे. लिंडा हेंकेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१४ मध्ये एक मजेशीर निष्कर्ष मांडला. संग्रहालयात विद्यार्थ्यांनी ज्या वस्तूंचे फोटो काढले, त्या वस्तू त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. कॅमेरा लक्षात ठेवील म्हणून मन सुस्तावले! मात्र वस्तूचा एखादाच भाग जवळून टिपला, तेव्हा स्मरण कमी झाले नाही. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नसून न पाहता बटण दाबण्याचा आहे.

म्हणून दिवसाला एकच फोटो काढावा. आधी मिनिटभर वस्तू नीट पाहावी. सणसमारंभ, पर्यटनस्थळे नकोत. तांब्यावर पडलेले ऊन, एसटी स्टँडवरची मोसंबीची रास, पाऊस येण्याआधीचे आभाळ असे विषय घ्यावेत. फोटो लगेच व्हॉट्सॲपवर पाठवू नये. किती जणांनी अंगठा दाखवला हे मोजू लागलो की पुन्हा नवी चिंता सुरू होते.

माझ्या एका रुग्णाची हकीकत सांगण्यासारखी आहे. पत्नीच्या निधनानंतर हे निवृत्त गृहस्थ दर दोन दिवसांनी रक्तदाब मोजायला येत. दाब नेहमीच्या गोळीवर आटोक्यात असे. त्यांना बाकावर बसायला आणि दोन शब्द बोलायला जागा हवी होती. मी त्यांना घरासमोरच्या पिंपळाचा रोज सकाळी एक फोटो काढायला सांगितले. महिन्याभराने त्यांनी ते मला एकापाठोपाठ दाखवले. पानगळ, तांबूस पालवी, मग हिरवागार पसारा. मला वाटायचे, सगळे दिवस सारखेच आहेत, असे ते म्हणाले. त्यांची गोळी तीच आहे, रक्तदाबही तोच आहे. पण आता ते महिन्यातून एकदा येतात आणि पिंपळाखाली बसणारी दोन-तीन मंडळी त्यांच्या ओळखीची झाली आहेत.

रंग : चांगले येणे आवश्यक नाही

फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ मध्ये ३९ प्रौढांना पाऊण तास रंग, चिकणमाती आणि चिकटकामाचे कागद देऊन मनाला येईल ते करायला सांगितले. आधी आणि नंतर लाळेतील कॉर्टिसोल, म्हणजे ताण वाढला की वाढणारे संप्रेरक, मोजले. सुमारे तीन चतुर्थांश लोकांत ते कमी झाले आणि पूर्वी चित्रकलेचा अनुभव असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, पण 'मला कुठे येते चित्र?' म्हणणाऱ्यांना धीर देणारा आहे.

आपल्याकडे तर घरोघरी कला आहे. दारातली ठिपक्यांची रांगोळी, जुन्या लुगड्यांची गोधडी, भरतकाम हे सारे त्यातच येते. तयार स्टिकरची रांगोळी चिकटवून ती दहा मिनिटे वाचवू नका. गुडघे दुखत असतील तर खाली वाकण्याऐवजी टेबलावर पाट ठेवून काढा. अंथरुणाला खिळलेल्यांनाही वाट आहे. फ्रान्सचे चित्रकार आंरी मातीस १९४१ मधील मोठ्या शस्त्रक्रियेनंतर बहुतांशी खुर्चीत आणि पलंगावर होते. तेव्हा रंगवलेले कागद कात्रीने कापून त्यांनी उत्तम चित्रे घडवली. अर्धांगवायूतून सावरणाऱ्या रुग्णाला खडू, कणीक, चिकणमाती हाताळू द्यावी. व्यायामही होतो आणि वेळही जातो. फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम मात्र चुकवू नयेत.

वही डॉक्टरांनाही बोलते

वहीचे शेवटचे पान दुखण्यासाठी राखून ठेवावे. डोके केव्हा दुखले, त्याआधी काय खाल्ले, झोप किती झाली, धाप कोणत्या वेळी लागली, पाळीची तारीख कोणती, हे तिथे लिहावे. अर्धशिशीच्या निदानात अशा नोंदींची फार मदत होते. पुढची पाने मात्र दुखण्यासाठी नाहीत. ती जगासाठी आहेत.

अक्षराकडेही लक्ष द्यावे. लिहिता लिहिता अक्षर हळूहळू बारीक होत जाणे हे कंपवाताचे सुरुवातीचे लक्षण असू शकते. हात अचानक लुळा पडून लिहिताच आले नाही, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर क्षणाचाही विलंब न करता मोठ्या रुग्णालयात जावे. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते.

वही पुरत नाही तेव्हा

दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज बहुतेक वेळ उदास वाटणे, कशातच रस नसणे, पहाटे लवकर जाग येणे, भूक मरणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे ही नैराश्याची लक्षणे आहेत. मधुमेह, रक्तदाबासारखाच हा आजार आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. अशा माणसाला 'चित्रं काढ, बरं वाटेल' एवढेच सांगून मोकळे होऊ नये. डॉक्टरांकडे न्यावे. जगणे नको असे विचार मनात आले किंवा कोणी बोलून दाखवले, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र चालू आहे.

सुरुवात कशी करावी?

औषधाच्या चिठ्ठीप्रमाणेच लिहून देते.

१. शंभर पानी वही आणि बारा रंगांची पेटी आणावी. महागडे साहित्य आणू नये. ते वाया जाईल या भीतीने हात आखडतो.
२. वेळ ठरवावी. सकाळच्या चहानंतर किंवा दिवेलागणीला दहा ते पंधरा मिनिटे.
३. रोज तीन ओळी आणि एक फोटो. रविवारी रंग.
४. उजेड भरपूर असावा. चाळिशीचा चष्मा लागला असेल तर लावावा.
५. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये. तिथून पुढे चालू ठेवावे.
६. चालू असलेली कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये.
७. एकवीस दिवस झाले की पहिल्या पानापासून सगळे वाचून पाहावे.

पहिले चार-पाच दिवस कंटाळा येईल, 'हे काय पोरकट' असेही वाटेल. तरीही ठरलेल्या वेळी वही उघडावी. नंतर दवाखान्यात याल तेव्हा वही जरूर आणा. शेवटचे पान मी वाचीन. बाकीची पाने तुमची.